आधी जमीन मोजा, मग यंत्रांची यादी करा

भिवंडीजवळच्या वडप्याची रात्र शांत नसते. ठाणे शहरात अवजड वाहनांना दिवसा वेळेचे निर्बंध आहेत. त्यामुळे नाशिक महामार्गावरचे ट्रेलर आणि कंटेनर रात्रीच मोठ्या संख्येने धावतात आणि गोदामांच्या फाटकांवर माल चढवण्या-उतरवण्याचे काम पहाटेपर्यंत चालते. शहरातल्या संशोधकाची सवय याच्या नेमकी उलट असते. दिवसभर लिफ्ट, वर्दळ, बांधकाम चालू असते, म्हणून मायक्रोस्कोपवरचे सगळ्यात नाजूक काम तो रात्री दहानंतर ठेवतो. ही सवय वडप्यात उपयोगी पडणार नाही. इथे मटेरियल सायन्सची प्रयोगशाळा उभारायची असेल, तर आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी ही गोष्ट समजून घ्यावी लागेल.

वडपेच का, असे कोणी विचारेल. ठाणे जिल्ह्यात मोकळी जागा आणि चांगला रस्ता एकत्र मिळण्याची ठिकाणे कमी उरली आहेत, त्यांतले हे एक. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जवळच आमण्याला संपतो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण लांबीने खुला आहे. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे, उपकेंद्रे ठाण्यात आणि कल्याणमध्येही आहेत. मुख्य म्हणजे अभ्यासाचे साहित्य इथे दारातच पडले आहे. यंत्रमागांचे वाया जाणारे कृत्रिम सूत, वीटभट्टीची माती आणि राख, महामार्गाचे काँक्रीट, गोदामांच्या पत्र्यांना कोकणच्या पावसात चढणारा गंज, यांतला प्रत्येक विषय पीएच.डी.ला पुरेल एवढा मोठा आहे. घनदाट मुंबईतून बाहेर पडून काम करण्याचे उदाहरणही जिल्ह्यातच आहे. अंबरनाथची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झाली होती. पाणबुडीसाठीचे इंधनघट विकसित करण्याचे काम पुढे याच प्रयोगशाळेने केले.

तेव्हा हा लेख संस्थाचालकांसाठी, विभागप्रमुखांसाठी आणि त्यांच्या वास्तुविशारदांसाठी आहे. माझे म्हणणे एवढेच की बहुतेक ठिकाणी क्रम चुकतो. आधी यंत्रांची यादी होते, मग अनुदानाचा प्रस्ताव, मग टेंडर, आणि यंत्र कुठे ठेवायचे हे पेटी गेटवर आली की ठरते. एका महाविद्यालयात मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या भिंतीला लागून ठेवलेला पाहिला. लिफ्ट हलली की पडद्यावरच्या कणांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसायच्या. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. तरी ते विद्यार्थी प्रत्येक चित्र तीन-तीनदा काढत होते.

जमिनीपासून सुरुवात करू. हादरे मोजण्याचे एकक म्हणजे जमीन किती वेगाने हलते, सेकंदाला किती मायक्रोमीटर. माणसाच्या पायाला कंप जाणवू लागतो तो साधारण १०० च्या आसपास. साध्या एसईएम प्रकारच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे ६ ते १२ वर भागते. उच्च क्षमतेच्या टीईएम मायक्रोस्कोपला ३ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे तुम्हाला पूर्ण स्थिर वाटणारी फरशी टीईएमसाठी तीसपट जास्त हलत असू शकते. त्यामुळे ‘आम्ही जाऊन आलो, काही जाणवले नाही’ या अभिप्रायाचा इथे काही उपयोग नाही. भूकंपमापकासारखे संवेदनशील यंत्र जागेवर निदान सात दिवस आणि सात रात्री ठेवावे, आणि त्या सातांत गोदामांचे चालू दिवस यावेत. खड्ड्यावरून किंवा गतिरोधकावरून जाणाऱ्या ट्रेलरची चाके सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उसळतात, ती थरथर जमिनीतून सरकत येते. म्हणून महामार्गापासूनचे अंतर मोजताना सर्वांत जवळचा गतिरोधक आणि गोदामाचे फाटक कुठे आहे, तेही नकाशावर मांडा.

वडप्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो फार खोल नाही. मुरमाखाली पाषाण लागतो अशी जागा घ्या. भातखाचराची मऊ, पाणी धरणारी माती स्वस्त पडते, पण ती संथ हादरे वाढवून वर पाठवते. मात्र पाषाणाचा पाया घेतला म्हणजे काम झाले असे नाही. आसपास खाण किंवा खडीक्रशर असेल, तर सुरुंगाच्या वेळा विचारून घ्या.

मायक्रोस्कोपसाठी इमारतीपासून वेगळा, चारी बाजूंनी फट सोडलेला जाड काँक्रीटचा ठोकळा टाकतात. तो हवाच. पण त्यातून काय साधते हे नीट समजून घ्या. चालणाऱ्या माणसांचे आणि इमारतीतल्या पंप-पंख्यांचे हादरे तो तोडतो, जमिनीतूनच येणारा महामार्गाचा संथ कंप तो थांबवू शकत नाही. तीच गोष्ट हवेच्या उशांवर तरंगणाऱ्या टेबलांची. अशा टेबलाची स्वतःची लय सेकंदाला एक ते अडीच झोक्यांची असते. भिंतीपलीकडे साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशे फेरे मारत असेल, तर तीही लय सेकंदाला अडीचच झाली. लयीला लय मिळाली की टेबल हादरा कमी करण्याऐवजी वाढवते. भिवंडीत माग कुठे नसतील याची खात्री देता येत नाही. म्हणून आसपासच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय चालते, हे प्रत्यक्ष जाऊन बघा.

हादऱ्यांइतकाच त्रास विजेच्या तारांचा होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जवळच्या पडघ्याला देशातल्या मोठ्या वीज उपकेंद्रांपैकी एक आहे. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्टची एकदिश वीजवाहिनी १९९९ पासून तिथे येते, आणि तिथून निघालेल्या उच्चदाबाच्या वाहिन्या तालुकाभर पसरल्या आहेत. उच्चदाबाच्या प्रत्यावर्ती वाहिनीखाली बदलते चुंबकीय क्षेत्र काही मायक्रोटेस्ला असू शकते. चांगल्या मायक्रोस्कोपला ०.१ पेक्षा कमी हवे असते. अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने घटते, त्यामुळे वाहिनीपासून काही शे मीटर दूर सरकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जागा घेतल्यानंतर खोलीला चुंबकीय कवच घालायची वेळ आली, तर त्या खर्चात एक छोटे यंत्र येते. आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर विसरू नका. पुष्कळदा आराखड्यात तो मायक्रोस्कोपच्या खोलीमागेच येऊन बसलेला असतो, कारण तिथे जागा रिकामी होती.

आता एक प्रश्न मला नक्की विचारला जाईल, कारण वडप्यात तो अगदी साहजिक आहे. गोदामच भाड्याने घेऊन प्रयोगशाळा केली तर? उत्तर सरसकट नाही असे नाही. नव्या गोदामांची जमीन तळमजल्यावरची, वजन पेलणारी असते. छत उंच असते, त्यामुळे डक्ट आणि पाईप सुखाने जातात. ट्रक थेट दाराशी लागतो. भट्ट्या, प्रेस, ताण तपासणारी यंत्रे, चूर्ण दळण्याच्या बॉल मिल यांसाठी अशी जागा उत्तम आहे. पण पत्र्याखाली मे महिन्यात जी धग असते आणि जुलैत जो आवाज आणि ओल असते, त्यात मायक्रोस्कोप किंवा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारे यंत्र) उघडे ठेवता येणार नाही. त्यासाठी गोदामाच्या आत दुसरी बंदिस्त खोली बांधावी लागेल, स्वतःच्या छताची, स्वतःच्या हवेची. पैसे मर्यादित असतील तर मी हाच मार्ग सुचवेन, पण एका अटीवर: शेजारच्या गाळ्यांत काय साठवले आहे याची खात्री करून घ्या. भिवंडीत रसायनांच्या गोदामांना आगी लागण्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. तुमची प्रयोगशाळा कितीही शिस्तीची असली, तरी शेजारच्या भिंतीपलीकडची पिंपे तुमच्या नियंत्रणात नसतात.

ओल हा आपल्याकडच्या प्रयोगशाळेचा सर्वांत जुना शत्रू आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जुलैत बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू २६ अंशांवर येतो. याचा अर्थ २० अंशांचे थंड पाणी वाहणारा प्रत्येक उघडा पाईप टपटप गळणार. ते पाणी कुठे पडेल? बहुतेक वेळा खालच्या विजेच्या पॅनेलवर. चिलरच्या पाईपवरचे वेष्टण कंत्राटदार शेवटच्या आठवड्यात घाईने गुंडाळतो आणि सांध्यांवर फटी राहतात. त्यावर देखरेख ठेवा. एफटीआयआर या अवरक्त किरणांच्या यंत्राच्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या या हवेत आंधळ्या होतात, आणि शनिवार-रविवार वातानुकूलन बंद ठेवण्याची काटकसर सोमवारी सकाळी महागात पडते. ओल घालवण्याची यंत्रणा चोवीस तास, बाराही महिने चालली पाहिजे. थंडावा थोडा कमी चालेल, कोरडेपणात सूट नाही.

ओलीचा संबंध फ्यूम हूडशी कसा आहे, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. दीड मीटर रुंदीच्या हूडचा पडदा अर्धा मीटर उघडा असताना सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवा आत ओढायची, तर ताशी १,३५० घनमीटर हवा बाहेर जाते. असे सहा हूड म्हणजे ८,१०० घनमीटर. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी बाहेरून आत आली पाहिजे. पावसाळ्यातली ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत आणून २३ अंश आणि ५० टक्क्यांवर आणायची असेल, तर तिच्यातून ताशी सव्वाशे लिटरहून जास्त पाणी काढावे लागते. हा हिशेब न करता बसवलेले हूड मी पाहिले आहेत. तिथे पंखे सुरू केले की दारे आपोआप खेचली जातात, एक हूड दुसऱ्याचा धूर उलटा ओढतो, आणि शेवटी कोणीतरी पंखा बंद ठेवूनच ॲसिडचे काम करू लागते. म्हणून हूड मोजकेच घ्या, पण प्रत्येकाला पुरेशी, कोरडी केलेली हवा द्या. मी आठ अर्धवट हूडांपेक्षा तीन चांगले हूड निवडेन. हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरणार असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हूडच्या शेजारीच, सहज हाताला येईल अशी ठेवा, कपाटात कुलूपबंद नको. परक्लोरिक ॲसिडसाठी मात्र पाण्याने धुतला जाणारा वेगळा हूड लागतो, त्यात तडजोड नाही.

हवा आत घेण्याचे तोंड महामार्गापासून दूरच्या बाजूला, उंचावर ठेवा. पावसाळ्यात वारा नैऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात उत्तर-पूर्वेकडून. त्यामुळे एक्झॉस्टची चिमणी कोणत्याही एका बाजूला ‘सुरक्षित’ ठरत नाही. ती छतापासून चांगली उंच न्या आणि हवा आत घेण्याच्या तोंडापासून दूर ठेवा. रस्त्याची धूळ पहिल्या, स्वस्त गाळणीतच अडली पाहिजे. वडप्यात ती गाळणी नेहमीपेक्षा लवकर बदलावी लागेल, आणि तो खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात लिहून ठेवा.

वायूंबद्दल एकच हिशेब सांगतो, तो पुरेसा आहे. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. पाच मीटर बाय चार मीटरची, तीन मीटर उंचीची बंद खोली म्हणजे ६० घनमीटर. तिथे ५० लिटरचे भांडे उलटले तर ३५ घनमीटर नायट्रोजन तयार होईल आणि हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून निम्म्याजवळ उतरेल. अशा खोलीत गेलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही, तो सरळ कोसळतो. आणि त्याला उचलायला धावणारा दुसराही. म्हणून प्राणवायू मोजणारा अलार्म हवा, १९.५ टक्क्यांवर वाजणारा, आणि त्याचा दिवा खोलीच्या बाहेर दिसला पाहिजे. थंड नायट्रोजन आणि आरगॉन खाली साचतात, हायड्रोजन वर जातो. सेन्सर त्यानुसार लावा. द्रव नायट्रोजन लिफ्टने न्यायची वेळ आलीच तर भांडे एकटे पाठवा, माणूस जिन्याने जावा. सिलिंडरांसाठी इमारतीबाहेर, सावलीत, जाळीचे वेगळे घर करा आणि वायू नळीने आत आणा. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, त्याचा सिलिंडर भट्टीच्या खोलीत असता कामा नये.

विजेचे थोडक्यात. अर्थिंग मे महिन्यात मोजा. पाषाणात अर्थिंग मुळातच अवघड, आणि पावसाळ्यात मोजले की ओल्या जमिनीमुळे आकडा फसवा, चांगला येतो. यंत्रांसाठी वेगळी अर्थिंग करा असे सांगणारे भेटतील. वेगळी तार आणा, पण ती इमारतीच्या मुख्य अर्थिंगला एका ठिकाणी जोडलेलीच हवी. पूर्ण तोडलेली अर्थिंग जीवघेणी ठरू शकते. यूपीएसवर मायक्रोस्कोप, व्हॅक्यूम पंपांचे नियंत्रण आणि सगळे अलार्म असावेत. भट्ट्या त्यावर नकोत. आणि वीज गेल्यावर एक्झॉस्टचा पंखा सर्वांत आधी जनरेटरवर आला पाहिजे, वातानुकूलन त्यानंतर.

पाणी मात्र जुलैत तपासायचे. २६ जुलै २००५ च्या पुरात कामवारी नदीचे पाणी भिवंडीत कुठवर चढले होते, हे गावातल्या जाणत्या माणसांना अजून आठवते. जागा घेण्याआधी त्यांच्यासोबत एक फेरी मारा. जोते त्या खुणेच्या वर हवे, आणि जनरेटर, यूपीएस, बॅटऱ्या तळघरात नकोत.

खोल्यांचा क्रम लावताना आपल्या जुन्या घरांची मांडणी आठवावी. जाते आणि उखळ बाहेर पडवीत, चूल मागच्या बाजूला, देवघर सगळ्यांत आत. प्रयोगशाळेतही कुटणे आणि दळणे बाहेरच्या टोकाला, भट्ट्या त्यांच्यापुढे स्वतःच्या एक्झॉस्टसह, मग घासून-पॉलिश करण्याची ओली खोली, मग एचिंगचे हूड, आणि मायक्रोस्कोप सगळ्यांत आत, इमारतीच्या शांत कोपऱ्यात. सॅम्पल एकाच दिशेने पुढे सरकावे. अल्युमिना आणि हिऱ्याच्या पॉलिशची पूड हात-पायांनी आत जाते, म्हणून आतल्या दाराशी चपला बदलण्याची आणि हात धुण्याची जागा हवी. दारे आणि वळणे सर्वांत मोठ्या यंत्राच्या पेटीनुसार ठरवा. पेटी न मावल्याने नवी भिंत फोडावी लागल्याची उदाहरणे थोडी नाहीत. आणि एक खोली चक्क रिकामी ठेवा. दहा वर्षांनी कोणते यंत्र येईल ते आज कोणालाच माहीत नाही.

काय विकत घेऊ नये, हे ठरवणेही आराखड्याचाच भाग आहे. पवईला आयआयटीमध्ये सॅफ ही सामाईक यंत्रसुविधा अनेक वर्षे बाहेरच्या संशोधकांची सॅम्पल तपासून देते, आणि वडप्याहून ते अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. कापड आणि सुतासाठी घाटकोपरची बीट्रा ही संशोधन संस्था आहे. देशभरातली यंत्रे कुठे उपलब्ध आहेत हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर दिसते. माझे स्पष्ट मत असे की वडप्याच्या प्रयोगशाळेने पहिली पाच वर्षे टीईएम घेऊच नये. एक चांगला साधा एसईएम, एक एक्सआरडी, १,७०० अंशांपर्यंतच्या दोन भट्ट्या, सॅम्पल तयार करण्याची उत्तम सोय, आणि ताण-दाब तपासणारे यंत्र, एवढ्यावर भक्कम काम होते. टीईएमसाठी वाचलेला पैसा हवा, वीज आणि पायात घाला. वार्षिक देखभालीचा करार यंत्राच्या किमतीच्या पाच ते दहा टक्के मागतो, तो आकडा अनुदान संपल्यानंतरच्या वर्षांसाठीही आजच मांडा.

परवानग्या अवघड नाहीत, पण लवकर सुरू कराव्या लागतात. एक्सआरडीची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर होते. सिलिंडरांचा साठा २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतो. वापरलेली ॲसिडे आणि द्रावके मोरीत ओतायची नाहीत, हे भिवंडीत वेगळे सांगायला नको, कामवारीचे रंगीत पाणी सगळ्यांनी पाहिले आहे. या ॲसिडांची आणि द्रावकांची वेगळी पिंपे, लेबले आणि नोंदवही ठेवा, आणि घातक कचरा तळोजाच्या सामाईक प्रकल्पाकडे पाठवण्याचा करार पहिल्या दिवसापासून असू द्या.

शेवटी माणूस. पंप उघडून पुन्हा बसवणारा, गळती कानाने ओळखणारा, भट्टीची जळालेली तार बदलणारा तंत्रज्ञ नसेल, तर यंत्रे दुसऱ्या वर्षी बंद पडतात. भिवंडीत अशा हातांची कमी नाही. पिढ्यान्‌पिढ्या माग दुरुस्त करणारे कारागीर इथे आहेत, आयटीआय झालेली त्यांची मुले-मुली आहेत. त्यांतल्या दोघांना बांधकाम सुरू असतानाच घ्या. पाईप कुठून गेला, केबल कुठे वळली, कोणता व्हॉल्व्ह कशाचा, हे भिंतीत झाकले जाण्याआधी त्यांना डोळ्यांनी पाहू द्या. त्या दोन पदांची मंजुरी आजच मागा. ती मिळायला यंत्रापेक्षा जास्त वेळ लागतो.